साबणाला फेस न येणारं पाणी : वऱ्हाडातला पाणलोट आणि भिंतीबाहेरची शाळा

दर्यापूरकडच्या खेड्यात दोन बादल्या घ्यायच्या. एकीत गावच्या विहिरीचं पाणी, दुसरीत नळाचं, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शहानूर धरणातून पाइपानं आलेलं. नळाच्या पाण्यात रुमालाला साबणाचे दोन हात मारले की फेस धरतो. विहिरीच्या पाण्यात वडी झिजत जाते, पाणी दुधाळ होतं, रुमालावर चिकट साय बसते, पण फेस काही येत नाही. हा प्रयोग मी पाहिला तेव्हा सहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे पानी साबन खाते नं!" गुरुजींनी फळ्यावर 'क्षार' हा शब्द लिहिला. मुलीचं वाक्य मात्र फळ्यावर गेलं नाही.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत गेली काही वर्षं दोन चर्चा शेजारी शेजारी चालल्या आहेत. पाणलोटाची कामं कुठे आणि कशी करावीत, ही एक. मुलांना निसर्ग वर्गाबाहेर कसा शिकवावा, ही दुसरी. या दोन्ही आज कुठवर आल्या आहेत आणि एकमेकींना कुठे भेटतात, ते इथे पाहायचं आहे.

एका तासाच्या वाटेवर चार पाणी

आधी भूगोल पाहावा लागतो, कारण पुढचे बहुतेक वाद त्यातूनच निघतात.

उत्तरेला मेळघाट. चिखलदऱ्याला वर्षाकाठी दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अकोल्याला त्याच्या निम्म्याच्या जवळपास. डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचं पाणी सिपनासारख्या नद्यांतून थेट तापीला जातं. अलीकडच्या उतारावरच्या चंद्रभागा, शहानूर, वाण या नद्या पूर्णेला मिळतात. डोंगर संपतो तिथे पायथ्याला गोटे, वाळू आणि भरड गाळाचा पट्टा आहे, त्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात. नदी इथे उतरली की पाणी जमिनीत झिरपतं. अंजनगाव सुर्जीची पानपिंपरी, अकोटकडचे पानमळे आणि केळी या झिरपलेल्या पाण्यावर उभी राहिली.

त्याच्या दक्षिणेला पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा मिळून तो साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा भरतो. काळी माती खोल, चिकण आणि चुनखडीयुक्त. तिच्यातून पाणी उतरत नाही, आणि खाली जे आहे ते खारं. इंग्रजी अमदानीत इथल्या विहिरींतून मीठ काढल्याच्या नोंदी आहेत. पिण्याचं पाणी आजही बाहेरून येतं. वाण धरणावरची ८४ खेडी योजना आणि काटेपूर्णेवरची खांबोरा योजना ही नावं अकोला जिल्ह्यात बाईमाणसांच्या तोंडी असतात. पाइप फुटला की किती दिवस कोरडे जाणार, हा हिशोब त्यांनाच करावा लागतो.

चौथं पाणी पूर्वेला, वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात. हा भाग पूर्णेचा नसून वर्धा नदीच्या खोऱ्यातला. इथलं पाणी गोडं आहे, पण खोल गेलं आहे. विहिरी आटल्या म्हणून बोअर आले, बोअर आटले म्हणून आणखी खोल बोअर आले. याखेरीज दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेकडून मोर्णा, काटेपूर्णा आणि निर्गुणा उतरतात. तो काळ्या पाषाणाचा वेगळाच प्रदेश आहे.

कामांचा मागोवा

१९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर वऱ्हाडानंही बांध घातले, पाझर तलाव खोदले. त्याच सुमारास पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत उभी राहत होती. पाणी जमिनीच्या मालकीप्रमाणे न वाटता माणशी वाटावं, हा तिचा विचार. १९८०च्या दशकात राज्यानं एकेका कामाऐवजी संपूर्ण पाणलोट हे एकक धरलं. १९९२मध्ये पुसदचे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचं स्वतंत्र खातं निघालं. त्यांच्या स्मृतिदिनी, १० मे रोजी, जलसंधारण दिन पाळला जातो. विदर्भातल्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुटी असते, आणि ५ जूनच्या पर्यावरण दिनालाही असते.

पुढे केंद्राचा हरियाली कार्यक्रम आला, मग एकात्मिक पाणलोट कार्यक्रम. डिसेंबर २०१४मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं. २०१६मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा तीन तालुक्यांत झाली : साताऱ्याचं कोरेगाव, बीडचं अंबाजोगाई आणि अमरावतीचं वरूड. २०१८पासून जागतिक बँकेच्या साह्यानं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प चालला. त्याच्या ५,१४२ गावांपैकी ९३२ गावं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली होती. खारं पाणी हा स्वतंत्र प्रश्न मानून एवढ्या गावांची वेगळी यादी सरकारी कागदावर आली, ही मला त्या प्रकल्पातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वाटते.

पाणी कुठे अडवायचं?

पहिली भूमिका 'माथा ते पायथा' मानणाऱ्यांची. पाणलोटाच्या माथ्यावर सलग समतल चर, झाडोरा आणि दगडी बांध आधी, नाल्यातलं काम शेवटी. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं आणि चालणाऱ्याला थांबवायचं, अशा भाषेत गावोगावचे प्रशिक्षक हे सांगतात. या पद्धतीला वेळ लागतो, मजूर लागतात, आणि माथ्यावरची जमीन बहुधा वनखात्याची असल्यानं परवानग्याही लागतात.

दुसरी भूमिका नाला खोलीकरणाची. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल व रुंद करून पाणी साठवलं आणि विहिरींना पाणी आल्याचं दाखवलं. काम यंत्रानं होतं, लवकर होतं आणि डोळ्यांना दिसतं. आक्षेप असा की शिरपूर तापीच्या गाळाच्या प्रदेशात आहे. तीच कृती काळ्या पाषाणात केली तर पाणी मुरेल याची हमी नाही, आणि नाला भूजलाच्या पातळीखाली गेला तर शेजारच्या विहिरींचंच पाणी त्यात उतरेल. जलयुक्त शिवाराच्या पहिल्या टप्प्यात खोलीकरणाची कामं फार झाली. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात योजनेचा परिणाम अल्प दिसला, असा शेरा महालेखापरीक्षकांनी २०२०मध्ये दिला. समर्थकांचं म्हणणं, २०१८चा पाऊसच अपुरा होता आणि गावागावांत साठे झाले याची किंमत एका पातळीवरून करू नये. हे उत्तर सगळंच उडवून लावण्यासारखं नाही. पाऊस कमी झाल्यावर विहीर किती खाली गेली असती आणि कामामुळे किती कमी खाली गेली, हे वेगळं काढणं भूजल खात्यालाही सोपं नसतं.

तिसरी भूमिका फक्त खारपाणपट्ट्याची आहे, आणि राज्याच्या चर्चेत ती कमी ऐकू येते. इथे पाणी 'मुरवा' म्हणण्यात फारसा अर्थ नाही. मुरलेलं पाणी खाऱ्यात जातं, आणि खारं पाणी ओलिताला दिलं तर माती आणखी बिघडते. म्हणून पावसाचं पाणी जमिनीच्या वरच, शेततळ्यात धरायचं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं या भागासाठी शेततळ्यांचा पुरस्कार केला. जी चिकणमाती पाणी मुरू देत नाही तीच तळ्याचं पाणी धरून ठेवते, त्यामुळे प्लास्टिक न घालताही अनेक तळी टिकतात. अल्पभूधारकाची अडचण जागेची : दोन एकरांच्या वावरात तळं कुठे काढायचं?

चौथी भूमिका विचारते, अडवलेलं पाणी वापरतो कोण? वरूडला वॉटर कपमध्ये गावांनी घाम गाळला, पण संत्र्याच्या बागांना बोअरचा उपसा चालूच राहिला तर साठा पुरणार कसा? महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हणतो आणि तिच्यावर बंधनं घालतो. संत्रापट्ट्यातले बोअर याच्या कितीतरी खाली गेले आहेत. बागायतदाराची बाजूही ऐकावी लागते. संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. एक उन्हाळा पाणी तोडलं तर ती वर्षं मातीत जातात.

याशिवाय मोठ्या वहनाची स्वप्नं आहेत. वैनगंगेचं पाणी नळगंगेपर्यंत आणणारा सव्वाचारशे किलोमीटरचा कालवा, आणि तापीच्या पुराचं पाणी बझाड्यात भरणारा महापुनर्भरण प्रकल्प, ज्यासाठी मे २०२५मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. छोट्या पाणलोटाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना यात पैसा आणि लक्ष दोन्ही वळण्याची भीती वाटते. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला मात्र बाहेरून आलेल्या गोड्या पाण्याचं नवल नाही. तो आजही तेच पितो.

शाळेची बाजू

मुलांनी परिसरातून शिकावं, हा विचार वऱ्हाडाला परका नाही. १९३७मध्ये शेजारच्या वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. शेंडगावचे गाडगेबाबा हातात झाडू घेऊन गाव शिकवत हिंडले आणि १९५६मध्ये वलगावजवळ पेढी नदीकाठी त्यांनी देह ठेवला. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून ग्रामसफाई आणि श्रमदानाला प्रार्थनेइतकं स्थान दिलं. सातपुड्याच्या पलीकडे, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२पासून तीस वर्षं शासकीय शाळांत विज्ञान प्रयोगातून आणि परिसरभेटींतून शिकवलं गेलं. २००२मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. वऱ्हाडच्या शाळा त्याच्यापासून एक डोंगर लांब होत्या.

कागदावर आज कसलीही कमतरता नाही. १९९१च्या मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. बालभारतीचा परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षातले दहा दिवस दप्तराविना शिकवायची सूचना आहे. प्रश्न आहे तो या दहा दिवसांत मुलांना न्यायचं कुठे आणि करायचं काय हा.

मुलांना काय द्यायचं : कुदळ, दुर्बीण की मोजपट्टी?

श्रमदानवाल्यांचं मत, मूल कामातून शिकतं. चर खणताना उतार कळतो, आणि आपल्या हातानं अडवलेलं पाणी ते विसरत नाही. वॉटर कपच्या काळात हजारो मुलं सुटीत कामावर आली, आणि पानी फाउंडेशननं पुढे शाळांसाठी 'निसर्गाची धमाल शाळा'ही चालवली. आक्षेप दोन आहेत. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्या उन्हात मुलांना कामाला लावावं का? दुसरा जास्त बारीक आहे : स्पर्धेच्या घाईत मूल घमेलं उचलतं, पण चर इथेच का, हे त्याला कुणी सांगत नाही.

दुर्बीणवाल्यांची परंपरा मेळघाटातून आली. व्याघ्र प्रकल्प १९७४चा, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. सेमाडोहचं निसर्ग केंद्र, मारुती चितमपल्ली यांचं लेखन, सातपुडा फाउंडेशनसारख्या संस्थांची शिबिरं आणि अमरावतीतल्या पक्षिमित्रांच्या फेऱ्या यांतून अभ्यासकांची एक पिढी घडली. नामशेष मानलेला रानपिंगळा १९९७मध्ये पुन्हा सापडल्यावर मेळघाटातही त्याचा ठाव लागला. टीकाकार म्हणतात, शिबिराला जाणारं मूल बहुधा शहरातलं असतं, वाघ दिसला की सहल सार्थकी लागते, आणि परतल्यावर घरामागचा नाला त्याच्या लेखी निसर्ग नसतो. शिबिरवाल्यांचं उत्तर : आधी ओढ लागू द्या, नाला नंतर कळेल. माझा स्वतःचा कल टीकाकारांकडे आहे. पण लहानपणी अमरावतीच्या छत्री तलावावर पहिल्यांदा शेकाट्या पक्षी पाहिला तो दिवस मला आजही आठवतो, तेव्हा ओढीचं म्हणणं खोडता येत नाही.

तिसरा गट मोजणाऱ्यांचा. त्यांचं साहित्य फुकटात होतं. बांबूच्या दोन काठ्या वर बांधून खाली फाकवायच्या, मध्ये आडवी काठी, आणि वरून दोरीला दगड. ही ए-फ्रेम. दोन्ही पाय एका पातळीत आले की दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर येते. पाचवीची पोरं तासाभरात टेकडीवर चुन्यानं समतल रेषा आखतात, आणि सरळ वाटणारा धुरा किती वाकडा आहे ते पाहून हसतात. बूड कापलेला डबा मातीत रोवून त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. बझाड्यात पाणी बघता बघता गडप होतं. खारपाणात कोरड्या भेगांतून आधी सरसर जातं, मग माती फुगते, आणि दुसरा तांब्या तासन्‌तास तसाच राहतो. गणितही लगेच जमतं : शंभर चौरस मीटर पत्र्यावर ७५० मिलिमीटर पाऊस म्हणजे पंचाहत्तर हजार लिटर. केरळात मीनच्चिल नदीच्या खोऱ्यात शाळकरी मुलांनी मोजलेला पाऊस आणि नदीची पातळी पुराच्या सूचनेला कामी येते. अडचण शिक्षकाची. जनगणना, निवडणूक आणि रोजची ऑनलाइन माहिती भरून झाल्यावर घड्याळ धरायला त्याच्याकडे वेळ कुठून यायचा?

चौथं म्हणणं कोरकू गावांतून येतं. तिथल्या मुलाला ओढा, मासा आणि कंद ओळखायला शिबिर लागत नाही. सिपना हे नावही कोरकूतल्या सागाच्या नावावरून पडल्याचं सांगतात. शाळेची भाषा मात्र मराठी, आणि गुरुजी बहुधा सपाटीवरचे. मुलाला जे येतं ते परीक्षेत विचारलं जात नाही. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड टेकडीवर मृद्-जलसंधारण केलं, सीताफळं विकली, २०१४मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. या मताच्या लोकांना तेच खरं निसर्गशिक्षण वाटतं : हक्क आधी, धडा मागून. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून उठवलेल्या गावांच्या मुलांना 'जंगल वाचवा' हा धडा कोणत्या तोंडानं शिकवायचा, हा त्यांचा प्रश्न अवघड आहे.

शहरातली नदी

शहरांनी या चर्चेला उशिरा हात घातला. जानेवारी २०१८मध्ये अकोलेकर हजारोंनी मोर्णेत उतरले, शाळा-कॉलेजची मुलंही होती, आणि जलकुंभीचे ढीग काठावर आले. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. जलकुंभी पुन्हा आली. सांडपाणी येत राहिलं की ती येणारच, तिला तेच खत मिळतं. त्या दिवशी मुलांना गाळ काढायला सांगितलं गेलं. सांडपाण्याचे पाइप कुठे कुठे मिळतात ते मोजायला सांगितलं असतं तर निदान प्रश्न तरी हाती लागला असता. अमरावतीच्या अंबा नाल्याचीही गत फार वेगळी नाही. त्याच्या काठाच्या शाळांत त्याचा नकाशा काढून घ्यायला काहीच खर्च येत नाही.

न सुटलेलं

खाऱ्या पाण्याचं मूळ काय, यावर अभ्यासकांचं पूर्ण एकमत नाही. खचलेल्या खोऱ्यातला शेकडो मीटर गाळ, अडलेला निचरा, कोरडं हवामान आणि बाष्पीभवन यांवर बहुतेकांचा भर असतो. जुन्या बंदिस्त तळ्याची किंवा समुद्राचीही कल्पना मांडली गेली आहे, आणि गावात तीच जास्त आवडते. मूळ ठरत नाही तोवर पुनर्भरणानं खारेपणा खरोखर उतरेल का, हेही ठामपणे म्हणता येत नाही.

बांधलेल्या बंधाऱ्यांतला गाळ काढायचा कुणी, हे योजना संपल्यावर अनिर्णित राहतं. मुलींना नाल्यावर पाठवायला पालक कचरतात, सर्पदंशाची भीती खरी आहे, आणि बाहेर काही झालं तर जबाबदारी गुरुजींवर येते. याविषयी लेखी नियम सुटसुटीत नाहीत. आणि बाहेर शिकलेलं मूल मोठेपणी पाणी वेगळं वापरतं का, हे वऱ्हाडात अजून कुणी नीट तपासलेलं माझ्या पाहण्यात नाही.

एक छोटी गोष्ट मात्र या सगळ्या वादांच्या मधोमध उभी आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला की सरकारी भाषेत अतिवृष्टी होते, आणि नुकसानभरपाईचा कागद हलतो. मंडळाचं स्वयंचलित केंद्र असतं दहा-बारा किलोमीटरवर. तिथे ४० आणि आपल्या शिवारात ९० पडला, हे वऱ्हाडातलं दरवर्षीचं भांडण. एका शाळेत मी पर्जन्यमापक पाहिला : कापलेली बाटली, उलटं बसवलेलं तोंड, बाजूला चिकटवलेली फूटपट्टी, आणि खिळ्याला टांगलेली वही. जुलैची पानं जवळजवळ भरलेली होती. रविवार मात्र सगळे कोरे. पाऊस मोजायची वेळ सकाळी साडेआठची, आणि शाळा भरते साडेदहाला. अधल्यामधल्या नोंदींचं अक्षर वेगळं दिसलं म्हणून विचारलं, तर गुरुजी म्हणाले, शाळेसमोर राहणाऱ्या पोराची आजी आहे, तिला आकडे येतात, ती लिहून ठेवते.